बाणूचा जर्मनी प्रवास : कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

नवऱ्याची डार्मश्टाटची नोकरी नक्की झाली. तो मेच्या पहिल्या आठवड्यात जाणार, मी जूनमध्ये. उद्या संक्रांत. वड्या थापता थापता आईने विचारलं, "आणि बाणूचं काय?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते कसं जमवायचं ते ठाऊक नव्हतं.

बाणू आमची देशी कुत्री. २०२० च्या डिसेंबरात जेजुरीच्या पायथ्याशी, फुलांच्या टोपल्यांआड थरथरत बसलेलं पिल्लू सापडलं, म्हणून खंडोबाच्या बाणाईचं नाव. आता तीन वर्षांची आहे, वजन १८ किलो. आईचे गुडघे पाहता तिला आईवर सोपवून जाता येणार नाही. दोन नातेवाइकांनी "शेतावर सोडून दे, राहील" असं सुचवलं. तीन वर्षं माणसांच्या पायाशी झोपलेलं कुत्रं शेतावर राहत नाही. ते फाटकाकडे बघत बसतं. ती आमच्याबरोबर येणार, हे आज ठरलं.

आजपासून सगळं इथे लिहायचं. निळी फाइल आणली, पहिल्या पानावर बाणूचा फोटो चिकटवला.

आधी एक गोष्ट तपासली. जर्मनीने २००१ च्या कायद्याने पिट बुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर आणि बुल टेरिअर या चार जाती व त्यांच्या संकरित कुत्र्यांच्या आयातीवर बंदी घातली आहे. यातलं कुत्रं असेल तर पुढचं सगळं धावपळ करण्याआधीच थांबतं. बाणू निवांत.

१७ जानेवारी

डॉक्टरांकडे गेलो. बाणूचं लसीकरणाचं पुस्तक मी मोठ्या विश्वासाने पुढे केलं. दरवर्षीची रेबीजची लस आहे, एकही चुकलेली नाही. डॉक्टरांनी पानं उलटली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही काळजी घेतलीत, पण युरोपसाठी यातली एकही धरता येणार नाही."

कारण कातडीखाली बसवायची ओळख-क्रमांकाची चिप नाही. आधी चिप, मग लस. चिपशिवाय दिलेली लस नेमक्या याच कुत्र्याला दिली, हे कागदावर सिद्ध होत नाही. म्हणजे तीन वर्षांच्या लसी बाणूच्या शरीरात आहेत, पण युरोपच्या लेखी त्या नाहीत.

त्यांनी एका कागदावर क्रम लिहून दिला. तो फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. चिप. त्याच दिवशी किंवा नंतर रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त. ते रक्त युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं दर मिलिलिटरला ०.५ इंटरनॅशनल युनिट किंवा त्याहून जास्त हवीत. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणं. प्रवासाच्या तोंडावर सरकारी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र, आणि ते मिळाल्यापासून दहा दिवसांत युरोपात पोहोचणं.

घरी येऊन कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. सगळं सरळ गेलं तर मेच्या शेवटी मोकळे. जूनचं तिकीट जमतंय.

२० जानेवारी, शनिवार

चिप बसली. तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी काचेची कुपी, जाड सुईने मानेच्या डाव्या बाजूला कातडीखाली. बाणूने एकदा मान वळवून पाहिलं, बस. मीच डोळे मिटले होते.

चिप आयएसओ ११७८४ व ११७८५ मानकातली हवी, म्हणजे १५ अंकी क्रमांकाची. विकत घेण्याआधी पाकिटावर वाचलं. डॉक्टरांनी टोचण्याआधी रीडर फिरवून क्रमांक पाहिला, टोचल्यावर पुन्हा पाहिला, मग पुस्तकात स्टिकर लावलं आणि त्यानंतरच रेबीजची लस काढली. लसीच्या कुपीचं स्टिकर, बॅच क्रमांक, तारीख, सही, शिक्का असं सगळं एकाच पानावर.

चिपमध्ये बॅटरी नसते आणि ती जागा सांगत नाही. रीडर जवळ आणला की त्याच्या लहरींवर फक्त आपला क्रमांक सांगते. शेजारच्या काकांना वाटलं होतं, कुत्री हरवली तर मोबाइलवर नकाशा दिसेल. त्यांना समजावून सांगितलं.

२८ जानेवारी

पिंजऱ्याचं माप. हे काम आज पूर्ण दिवस खाऊन गेलं, पण हे चुकलं तर विमानतळावरच परत पाठवतात, म्हणून सविस्तर लिहिते.

विमान कंपन्या आयाटाचे, म्हणजे त्यांच्या जागतिक संघटनेचे, जिवंत प्राण्यांचे नियम पाळतात. कुत्र्याची चार मापं घ्यायची. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी : ६८ सेंमी. जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत : ३४. खांद्यांची रुंदी : १७. उभी असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे उंच असेल ते : ६२. पिंजऱ्याची आतली लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं, ८५. रुंदी तिसऱ्याच्या दुप्पट, ३४. उंची चौथ्याइतकी, वर गादीची जाडी.

इथेच घोळ होत होता. मैत्रिणीकडून आणलेला पिंजरा बाहेरून ६६ सेंमी उंच, म्हणून पुरेल असं धरलं. आतून मोजला तर ६० सुद्धा भरेना. बाणूचे कान उभे आहेत, देशी कुत्र्यांचे असतात तसे, आणि ती उभी राहिली की दोन्ही कान छताला टेकून वाकत होते. नऊ-दहा तास वाकलेल्या कानांनी? नाही. पुढचा आकार मागवला.

बाकीचं : वरचा आणि खालचा भाग जोडायला प्लास्टिकच्या खिट्ट्या नकोत, धातूचे नटबोल्ट हवेत. चारही बाजूंनी वारा आत येईल अशी छिद्रं. दार धातूच्या जाळीचं. पाण्याची आणि खाण्याची वाटी दाराला आतून अडकवलेली, पण दार न उघडता बाहेरून भरता येईल अशी. तळाशी ओल शोषणारं अंथरूण. चाकं असतील तर काढून टाकायची.

११ फेब्रुवारी

नवा पिंजरा आला. वरचा भाग काढून नुसता तळ हॉलमध्ये ठेवला. आईच्या जुन्या सुती साडीची गोधडी अंथरली. जेवण तिथेच. पहिले दोन दिवस पुढचे पाय आत, मागचे बाहेर, मान लांब करून खाणं. जबरदस्ती करायची नाही, ढकलायचं नाही. हे मी भिंतीवर लिहून लावलं, कारण घरातल्या सगळ्यांना घाई आहे.

२१ फेब्रुवारी

लसीला ३२ दिवस झाले. रक्त दिलं. पुढच्या पायाच्या शिरेतून, साध्या लाल टोपणाच्या नळीत. नमुना पाठवण्याचं काम एका संकलन केंद्राकडे दिलं.

६ मार्च

फोन आला. नमुना नाकारला. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग, लालसर झालं होतं, म्हणजे रक्तपेशी फुटून त्यांचा रंग त्यात उतरला होता. असं सीरम तपासणीला चालत नाही. केंद्रात विचारलं तर नळी वेळेवर फिरवली होती का, याचं सरळ उत्तर मिळालं नाही.

मला पैशांचं वाईट वाटलं, पण त्याहून तारखेचं. तीन महिने मोजायचे ते पास झालेल्या नमुन्याच्या तारखेपासून. म्हणजे २१ फेब्रुवारी पुसली गेली. २१ मेला मोकळी होणारी बाणू आता जूनवर गेली. तिकीट अजून काढलं नव्हतं, हे एक बरं झालं. निकाल हातात येण्याआधी कुणीही तिकीट काढू नये.

संध्याकाळी बाणूच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले. तिने पंजा माझ्या मांडीवर ठेवला. तिला पुन्हा सुई टोचायची, याचं जास्त लागलं.

९ मार्च, शनिवार

या वेळी सगळं डॉक्टरांच्याच दवाखान्यात, माझ्यासमोर. रक्त सिरिंजमधून जोराने ढकलायचं नाही, नळीच्या कडेने हळू सोडायचं. नळी हलवायची नाही, गुठळी होईपर्यंत उभी ठेवायची. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं सीरम दुसऱ्या स्वच्छ नळीत. डॉक्टरांनी नळी उजेडाकडे धरली. "बघा ताई, गवताच्या काडीसारखा पिवळा रंग. हे हवं." सीरम दोन मिली भरलं. फ्रिजमध्ये ठेवलं, सोमवारी बर्फाच्या पाकिटांसह रवाना.

नळीवर चिपचा क्रमांक लिहिण्याआधी रीडर फिरवला. फॉर्मवरचा क्रमांक मी वाचला, कंपाउंडरदादांनी तपासला, मग उलटा : त्यांनी वाचला, मी तपासला.

२५ मार्च, धूळवड

सकाळपासून सोसायटीत ढोल, पिचकाऱ्या, फुगे. बाणू दरवर्षी या दिवशी पलंगाखाली शिरते. आज ती पलंगाकडे गेलीच नाही. सरळ पिंजऱ्यात गेली, गोल फिरली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दार उघडंच होतं.

सहा आठवड्यांच्या कामाचं फळ आज दिसलं. तिच्या मनात तो पिंजरा आता तिची जागा झाला आहे. यापुढे दार बंद करण्याची वेळ वाढवायची : आधी दहा सेकंद, मग मी पाणी पिऊन येईपर्यंत, मग वरण शिजेपर्यंत.

२ एप्रिल

निकाल आला. ४.१ युनिट. ०.५ लागतं, तिला ४.१ आहे! तीन वर्षांच्या त्या "न धरलेल्या" लसी शरीराने मात्र धरल्या होत्या. एकाच लसीवर पहिल्यांदा रक्त देणारी कुत्री कधी कधी ०.५ पर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून काही डॉक्टर दोन मात्रा देऊन मग रक्त घेतात. बाणूला त्याची गरज पडली नाही.

९ मार्च अधिक तीन महिने. ९ जूनपर्यंत थांबायचं.

७ एप्रिल

सगळे विचारतात, निकाल चांगला आला तर मग आणखी थांबायचं कशाला? मीही पहिल्यांदा चिडले होते. आता समजलंय ते लिहून ठेवते.

प्रतिपिंडं असली म्हणजे लस लागू पडली, एवढंच कळतं. पण लस घेण्याच्या आधीच कुत्र्याला पिसाळलेल्या जनावराने चावलेलं असेल, तर विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकत असतो, आणि त्या काळात कुत्रं दिसायला ठणठणीत असतं. रेबीजची लक्षणं बहुधा दोन-तीन महिन्यांत दिसतात. तीन महिन्यांची वाट म्हणजे त्या दडलेल्या आजाराला उघडं पडायला दिलेला वेळ. म्हणूनच ती रक्ताच्या तारखेपासून मोजतात, निकालाच्या नाही.

आणि हा नियम सगळ्या देशांना नाही. जपानहून किंवा ब्रिटनहून येणाऱ्या कुत्र्याला रक्ततपासणीच लागत नाही. भारताला लागते, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के आपल्याकडे होतात. त्यात मुलं फार असतात. पश्चिम युरोपने कोल्ह्यांसाठी जंगलात लसीचं आमिष टाकून वर्षानुवर्षं मेहनत घेतली, तेव्हा तिथलं रेबीज संपलं. जर्मनी २००८ पासून जमिनीवरच्या प्राण्यांतल्या रेबीजमधून मुक्त आहे. त्यांनी ते जपायला हवंच. मला तीन महिने जड जातात, पण आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांना वेळेवर लस मिळत नाही, हे त्या तीन महिन्यांमागचं खरं कारण आहे, आणि ते मला जास्त जड जातं.

आज गल्लीतल्या चार कुत्र्यांना आम्ही तिघांनी मिळून लस टोचून घेतली. डॉक्टर स्वतः आले. नोंद प्रकल्पाची नाही, तरी इथेच ठेवते.

२१ एप्रिल

झोपेची गोळी द्यावी का, असं डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान हलवली. "अजिबात नाही." गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, आणि वर आकाशात तपासायला कुणी नसतं. आयाटासुद्धा नको म्हणते, आणि गुंगीत दिसणारं जनावर विमान कंपनी घेत नाही. जे काही करायचं ते सवयीने.

दुसरी भीती आईची होती : "सामानाच्या डब्यात थंडीने गारठेल गं." प्राण्यांना ठेवतात त्या भागात हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनइतकाच असतो आणि तापमान राखलेलं असतं. मात्र त्यासाठी प्राणी विमानात आहे हे वैमानिकाला माहीत असावं लागतं. म्हणून दारात वैमानिकदलाला "माझी कुत्री खाली आहे" हे सांगायचंच.

५ मे

नवरा गेला. बाणू रात्री दोनपर्यंत दाराशी होती.

तो गेला तरी कागदांवर मालक म्हणून माझंच नाव आहे, आणि हे मुद्दाम ठेवलं. बिगर-व्यापारी प्रवासात कुत्रं आणि मालक यांच्यात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. मालक म्हणून त्याचं नाव असतं, तर मला त्याचं अधिकारपत्र घेऊन तिला न्यावं लागलं असतं, आणि पाच दिवसांच्या हिशेबात ते बसलंच नसतं. तिकडे घर बघताना त्याने पहिल्याच भेटीत कुत्रीचं सांगितलं. घरमालकाने भाडेकरारात तशी ओळ घालून दिली.

२६ मे, रविवार

फाइल लावत होते. विमानाचं बुकिंग १५ जूनच्या पहाटेचं झालं आहे, बाणूची जागा त्याच तिकिटाला जोडलेली. सहज म्हणून सगळ्या कागदांवरचे चिप क्रमांक एकाखाली एक लिहिले.

लस पुस्तकात बरोबर. प्रयोगशाळेच्या अहवालात बरोबर. चिप बसवल्याच्या छापील प्रमाणपत्रात अकरावा आणि बारावा अंक उलटसुलट. टायपिंगची चूक. मी ते प्रमाणपत्र चार महिने जपून ठेवलं होतं आणि एकदाही अंकागणिक वाचलं नव्हतं.

दोन अंकांची अदलाबदल म्हणजे कागदोपत्री दोन वेगळी कुत्री. फ्रँकफर्टला उतरल्यावर हे निघालं असतं, तर तिला विलगीकरणात ठेवलं असतं किंवा परत पाठवलं असतं. उद्या सकाळी दवाखाना उघडण्याआधी दारात उभी असेन. खाडाखोड करून सही नको, नवं प्रमाणपत्रच मागायचं.

२७ मे

नवं मिळालं. तिथल्या तिथे रीडरसमोर तीनदा वाचलं.

९ जून

तीन महिने पूर्ण. मुंबईत आज पाऊस आल्याचं जाहीर झालं. योगायोगाने दोन्ही एकाच दिवशी.

पिंजऱ्यात ती आता रात्रभर दार बंद करून झोपते. गाडीत मागच्या सीटवर पिंजरा ठेवून लोणावळ्यापर्यंत दोनदा नेऊन आणलं. दुसऱ्या वेळी घाटात झोपली होती.

१२ जून

मुंबई. केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसचं कार्यालय. पहाटे साडेचारला निघालो, कारण कुत्री प्रत्यक्ष दाखवावी लागते. अर्ज, पासपोर्ट, तिकीट, लस पुस्तक, चिपचं प्रमाणपत्र, रक्ताचा अहवाल, डॉक्टरांचं प्रवासाला योग्य असल्याचं पत्र, आणि प्राणी विकण्यासाठी नेत नाही असं माझं सही केलेलं निवेदन.

युरोपीय संघाचं प्रमाणपत्र ज्या देशातून प्रवेश करणार त्याच्या भाषेत आणि इंग्रजीत असं दुहेरी लागतं. आमचं जर्मन-इंग्रजी. अधिकाऱ्यांनी बाणूच्या मानेवर रीडर फिरवला, क्रमांक मोठ्याने वाचला, आणि मी फाइलकडे न बघता मनातल्या मनात बरोबरीने म्हणत होते. पंधरा अंक जुळले. डोळे, हिरड्या, कातडी पाहिली. सह्या, शिक्के. प्रमाणपत्राच्या प्रत्येक पानावर शिक्का आहे ना ते पाहिलं.

आता दहा दिवसांचं घड्याळ सुरू.

१४ जून, रात्र

आई दारात भंडाऱ्याची वाटी घेऊन उभी राहिली. माझ्या कपाळाला लावला, मग वाकायला जमत नसताना वाकून बाणूच्या कपाळाला. "खंडोबाची आहे ती, नीट ने." मला काही बोलता आलं नाही.

दुपारी चारला हलकं जेवण, त्यानंतर फक्त पाणी. पाण्याची वाटी सकाळीच फ्रीझरमध्ये ठेवली होती, म्हणजे उचलताना सांडणार नाही आणि वाटेत वितळत राहील. गोधडी तीच, न धुतलेली, घराचा वास असलेली. पिंजऱ्यावर बाण, "जिवंत प्राणी" लेबलं, तिचं नाव, दोन्ही देशांतले आमचे फोन.

विमानतळावर पिंजरा तपासायला तिला बाहेर काढावं लागलं. पुन्हा आत जायला सांगितलं तर ती आपणहून गेली. मोठ्या सामानाच्या पट्ट्याजवळ एका कर्मचारीदादाने पिंजऱ्याला हात लावून विचारलं, "नाव काय हिचं?" मी सांगितलं. "चल बाणू," म्हणाला आणि हळू ढकलत नेलं. विमानाच्या दारात सांगितलं की माझी कुत्री खाली आहे. थोड्या वेळाने निरोप आला : चढवली आहे.

१५ जून, शनिवार

फ्रँकफर्ट. कुत्रं कस्टमला सांगावं लागतं, म्हणून कस्टमचा लाल मार्ग. कागद आधी, मग रीडर. पंधरा अंक पुन्हा एकदा, या वेळी जर्मनमध्ये. अधिकारी बाईंनी रक्ताच्या अहवालावरची तारीख बोटाने मोजली : मार्च, एप्रिल, मे, जून. मान हलवली आणि शिक्का मारला.

बाणू थरथरत होती, पण उभी होती. गोधडी ओली झाली होती. बाहेर पहिल्या झाडापाशी किती तरी वेळ उभी राहिली, मग नवऱ्याचा आवाज ऐकला आणि पट्टा माझ्या हातातून सुटला. काल म्युनिकला युरो फुटबॉल स्पर्धा सुरू होऊन जर्मनीने स्कॉटलंडला ५-१ हरवलं आहे. रस्त्यावर गाड्यांना झेंडे. तिला झेंडे फडफडलेले आवडत नाहीत, म्हणून गाडीच्या काचा बंद ठेवल्या.

२४ जून

इथली कामं. महापालिकेत कुत्र्यासाठीचा कर लागतो, त्याची नोंदणी झाली. चिप टासो या मोफत नोंदवहीत घातली. भारतात चिप नुसती बसवली होती, कुठेही नोंदवलेली नव्हती. हरवली असती तर क्रमांक मिळाला असता, घर मिळालं नसतं. दायित्वाचा विमाही काढला, म्हणजे बाणूने कुणाचं नुकसान केलं तर त्यासाठीचा.

आज इथल्या पशुवैद्यांनी बाणूला निळा युरोपीय पासपोर्ट करून दिला. त्यात रेबीजच्या लसीची तारीख २० जानेवारी. तिची वर्षाची मुदत एक दिवसही चुकवायची नाही. मुदतीच्या आत पुढची लस झाली, तर आज फाइलमध्ये असलेला रक्ताचा अहवाल तिच्या आयुष्यभर चालतो, आणि आईला भेटायला भारतात जाऊन आलो तरी पुन्हा रक्त द्यावं लागणार नाही. मुदत चुकली तर चिप सोडून सगळं नव्याने.

९ जानेवारी २०२५ ची वेळ घेऊन ठेवली आहे.